दोर कुणाच्या हाती? पाणबुड्यांच्या भरवशाचा इतिहास

१/ वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. आपले पाणी म्हणजे वर्धा, धाम, बोर, वेणा. तरीही सुट्ट्या लागल्या की वर्धा, आर्वी, हिंगणघाटकडची मंडळी मालवण-तारकर्ली गाठतात आणि स्कूबाची बुडी मारण्याचा बेत आखतात. किनाऱ्यावर फलक अनेक, दर निराळे. यांतला भरवशाचा कोण? हा प्रश्न निदान सातशे वर्षे जुना आहे. त्याचाच हा थ्रेड. 🧵

२/ तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मोती काढणारे पाणबुडे पाहिले. हिंस्र माशांना मंत्राने बांधून ठेवणारे लोक व्यापारी सोबत नेत आणि मोबदल्यात मोत्यांचा विसावा हिस्सा देत. मंत्र दिवसापुरताच चाले. रात्री तो सोडला जाई. सुरक्षेची हमी विकत मिळत होती, पण ती पारखण्याची सोय कुणापाशीच नव्हती.

३/ चौदाव्या शतकात इब्न बतूताने इराणच्या आखातातील पाणबुड्यांचे वर्णन केले. कमरेला दोर बांधून माणूस खाली जाई. दम संपत आला की दोर हलवी. वरचा सोबती त्याला ओढून घेई. भरवशाच्या या दोन तऱ्हा ध्यानात ठेवा. मंत्रावर श्रद्धा ठेवावी लागते. दोर मात्र आधी ओढून पाहता येतो.

४/ एकोणिसाव्या शतकात माणूस यंत्रबळाने पाण्याखाली तासन् तास राहू लागला आणि नवाच शत्रू पुढे आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खोदणारे मजूर दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत काम करीत. वर आल्यावर कुणाचे सांधे आखडत, कुणी लुळे पडे, काही दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच विकाराने खंगला. पुढची कैक वर्षे त्याच्या सूचना पत्नी एमिली कामावर पोचवीत असे. पूल १८८३ मध्ये खुला झाला.

५/ कारण सांगितले फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी, १८७८ मध्ये. दाबाखाली रक्तात व ऊतींत नायट्रोजन विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचे बूच उडाल्यावर होते तसेच. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. मंत्राची जागा आकड्यांनी घेतली.

६/ १९४३ मध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरील टाकीतून हवी तेवढीच हवा देणारे उपकरण सिद्ध केले. पाणबुड्या मोकळा झाला आणि वरच्या सोबत्याचा दोर सुटला. त्या दोराची जागा प्रशिक्षण व प्रमाणपत्रांनी घेतली. सीमास ही जागतिक संघटना १९५९ मध्ये आणि पॅडी १९६६ मध्ये स्थापन झाली.

७/ म्हणून पहिला प्रश्न: माझ्यासोबत पाण्यात कोण उतरणार, आणि त्याचे प्रमाणपत्र कोणते? दुकानाच्या भिंतीवरचे चिन्ह पुरेसे नाही. त्या व्यक्तीचा क्रमांक मागावा व संघटनेच्या संकेतस्थळावर पडताळावा. खुद्द तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे; तुलनेसाठी तिथे चौकशी करता येते.

८/ दुसरा प्रश्न: बुडीपूर्वी काय शिकवणार? दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून वर आल्यास ती फुगून फुप्फुस फाटू शकते. उथळ पाण्यातही हा धोका असतो. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला धडा त्यासाठीच. पॅडीच्या नियमानुसार नवशिक्याच्या ओळखबुडीची कमाल खोली १२ मीटर. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे यांची चौकशी न करताच जो टाकी पाठीवर चढवतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे.

९/ तिसरा प्रश्न हवेचा. टाकी भरणाऱ्या यंत्राने इंजिनाचा धूर ओढला तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो, आणि त्याला वास नसतो. टाक्या कुठे भरतात, त्यांची दाबचाचणी केव्हा झाली, प्रथमोपचाराचा ऑक्सिजन नावेवर आहे काय, हे निःसंकोच विचारावे.

१०/ चौथा प्रश्न मात्र पाण्यावरचा आहे, आणि आपला इतिहास तिथेच सर्वांत कठोर आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात आपल्याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचे प्राण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा मृत्यू झाला. बुडी निर्विघ्न पार पडली होती, घात परतीच्या वाटेवर झाला.

११/ तेव्हा बोटीची नोंदणी पाहावी, मंजूर प्रवासीसंख्या विचारावी आणि चढलेली डोकी स्वतः मोजावीत. जॅकेट आसनाखाली कोंबलेले नको, अंगावर बांधलेले हवे. पोहता येत असले तरीही.

१२/ हॉल्डेनची कोष्टके परतीच्या प्रवासातही सोबत येतात. विमानात हवेचा दाब कमी असतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. गोव्याहून नागपूरचे विमान पकडणाऱ्यांनी तिकीट याच हिशेबाने काढावे. उंच घाट चढायचा असल्यास तेही प्रशिक्षकाला आधी विचारावे.

१३/ आणि शेवटची कसोटी. समुद्र खवळलेला असताना ‘आज जमणार नाही’ म्हणून आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस शोधा. ‘काही होत नाही हो’ असे सांगणारा आजही मंत्रच विकत असतो. आपण सातशे किलोमीटरहून अधिक दूरच्या किनाऱ्यावर पाहुणे असतो. तिथले वारे, खडक, भरती-ओहोटी आपल्याला कळत नाही. प्रश्न विचारणे मात्र आपल्या हाती असते. पाण्यात उतरण्यापूर्वी दोर एकदा ओढून पाहावा.

(समाप्त)