कारखान्यात गेलेली पंचपदी

बी.एड्.च्या वर्षी पाठाचे टाचण लिहिताना हर्बार्टच्या पंचपदीने ज्याला रडवले नाही असा शिक्षक विरळाच. प्रास्ताविक, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन! परीक्षक मागच्या बाकावर बसून पायऱ्या मोजत आणि आम्ही त्या कशाबशा चढत असू. पुढे नोकरी लागली की टाचणवही मुख्याध्यापकांच्या सहीपुरती उरते. परंतु हीच पंचपदी जहाजबांधणीच्या गोदीत गेली, तेथून युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आणि शेवटी जपानमधील मोटारींच्या कारखान्यांत जाऊन बसली, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. आज शिक्षकांनी इंजिनिअरांची प्रश्न सोडविण्याची पद्धत शिकावी असे सांगितले जाते, तेव्हा ही हकीकत ठाऊक असलेली बरी. (अशा विषयाचा आरंभ आपल्याकडे बहुधा इब्न अल् हैथमपासून होतो. तो मोह मी टाळला आहे.)

योहान फ्रीडरिख हर्बार्ट (१७७६-१८४१) हा जर्मन तत्त्वज्ञ. १८०९ साली क्यॉनिग्सबर्ग येथे कांटच्या अध्यासनावर त्याची नेमणूक झाली. नवे ज्ञान मुलाच्या मनातील जुन्या ज्ञानाला जोडल्याशिवाय रुजत नाही, हा त्याचा मुख्य विचार. त्याने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांच्या पाच झाल्या त्या त्सिलर व राइन या अनुयायांच्या हातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत अमेरिकेतील अध्यापक महाविद्यालयांत पोहोचली.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तिला तातडीने जहाजे हवी झाली. गोद्यांत जुने, हुशार कारागीर होते. अडचण अशी की त्यांना काम येत होते, पण शिकवता येत नव्हते. नवखा माणूस बाजूला उभा राहून पाहणार आणि जमेल तसे शिकणार, एवढीच रीत. व्यवसायशिक्षणाचे जाणकार चार्ल्स ॲलन यांच्याकडे हे काम आले. त्यांनी कारागिरांनाच शिक्षक बनविण्याचे ठरविले व त्यांच्या हाती चार पायऱ्या दिल्या: तयारी, निवेदन, उपयोजन, तपासणी. ॲलन यांची ही शिडी हर्बार्टच्या पंचपदीवरून उतरलेली आहे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. तुलना व सामान्यीकरण त्यांनी गाळले, तपासणी मात्र आवर्जून ठेवली. आपल्या मते सगळी मेख येथेच आहे. शाळेतला पाठ घंटा वाजली की संपतो. गोदीतला पाठ शिकाऊ माणसाने मारलेला रिव्हेट टिकला तरच संपतो. १९१९ साली ॲलन यांनी या अनुभवावर पुस्तकही लिहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० मध्ये, अमेरिकन सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना सुरू केली. तिने ॲलन यांच्याच पायऱ्या खिशात मावेल अशा कार्डावर छापून मुकादमांना दिल्या. काम शिकविणे, कामाची पद्धत सुधारणे आणि माणसांशी वागणे, असे तीन अभ्यासक्रम होते. पद्धत सुधारताना कामाचा प्रत्येक बारकावा सुटा करून का, काय, कोठे, केव्हा, कोणी, कसे हे प्रश्न विचारावयाचे. १९४५ मध्ये योजना संपली तोपर्यंत १६ लाखांहून अधिक लोकांनी हे शिक्षण घेतले होते. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही असे समजावे, हा तेथला दंडक होता. आपल्या शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य टांगले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

युद्धानंतर अमेरिकन अंमलाच्या काळात हे अभ्यासक्रम जपानमध्ये गेले. टोयोटाने ते १९५१ च्या सुमारास घेतले. तेथील इंजिनिअर ताइइची ओनो यांनी यंत्र बंद पडले की एकदा नव्हे, पाच वेळा 'का' विचारण्याची शिस्त लावली. फ्यूज बदलून यंत्र सुरू होईल, पण तो का जळला याचा माग घेत गेले तर तेलाच्या पंपाला गाळणी नाही असे खरे कारण सापडते. कारणांची मांडणी माशाच्या काट्यासारख्या आकृतीत करण्याची रीत काओरू इशिकावा यांची. १९६२ पासून जपानी कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली आणि १९८० मध्ये हैदराबादच्या 'भेल' कारखान्यात ती भारतातही आली.

आता वर्गाकडे येतो. आठवीच्या चाचणीत भागीदारीचे एक उदाहरण अकरा मुलांनी सारख्याच रीतीने चुकविले. दोघांनी अनुक्रमे ३००० व ५००० रुपये घातले, तर नफ्यात प्रत्येकी वाटा किती? मुलांनी नफ्याचे सरळ दोन भाग केले होते. 'अभ्यास करीत नाहीत, घरचे वातावरण नाही' हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होते. या खेपेस ते गिळले आणि एकेकाला जवळ बसविले. तेच गणित तोंडी, साध्या बोलीत घातले, तर आठ जणांनी बरोबर सोडविले. मग लेखी का चुकले? एक जण दबकत म्हणाला, "सर, अनुक्रमे म्हणजे काय?" हा शब्द त्यांच्या घरच्या बोलीत नाही. मग शाळेत का कळला नाही? गणिताच्या शिक्षकाला वाटले तो भाषेच्या तासाला झाला असेल, भाषेच्या शिक्षकाला वाटले हा गणिताचा शब्द. आणि इतकी वर्षे हे ध्यानात का आले नाही? कारण चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारून मी पुढे जात होतो. गणिताचा शिक्षक मीच होतो.

त्या आठवड्यात अनुक्रमे, प्रत्येकी, उर्वरित, शेकडा, एकूण असे शब्द पाठ्यपुस्तकातून वेचून भिंतीवर लावले आणि प्रत्येकाखाली मुलांनीच आपल्या बोलीतला अर्थ लिहिला. आमच्या सहकाऱ्यांपैकी एकाने यावर लगेच छापील तक्ता व नोंदवही करण्याची सूचना केली. मी ती नम्रपणे नाकारली. पंचपदीचे टाचणवहीत काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

महिन्याने त्याच धर्तीचे गणित पुन्हा दिले. आठही मुलांनी ते सोडविले. उरलेल्या तिघांचे कारण शब्द नव्हते. त्यांपैकी दोघांना गुणोत्तरच येत नाही, त्यांचा पाठ पाचवीच्या पुस्तकापासून चालू आहे. तिसऱ्याच्या बाबतीत मी दुसऱ्या 'का'पर्यंत आलो आहे. तो सकाळी बापाबरोबर मासळीच्या लिलावाला जातो आणि पहिल्या तासाला झोपेत असतो. गणित पहिल्याच तासाला का, हे आता वेळापत्रक करणाऱ्यांना विचारायचे आहे.