एसएस (लिनक्स कमांड)

लिनक्स सर्व्हरवर कोणते पोर्ट उघडे आहेत, कोणाशी कनेक्शन चालू आहेत व ती कोणत्या अवस्थेत आहेत, हे दाखवणारी कमांड. अलेक्सी कुझनेत्सोव यांनी लिहिलेली ही कमांड ‘आयपीरूट२’ या संचात मोडते. पूर्वी हे काम ‘नेटस्टॅट’ करी. नेटस्टॅट ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत (१९८३) प्रथम आली. तिची लिनक्सवरील आवृत्ती अजून वापरात असली, तरी डेबियनने ९व्या आवृत्तीपासून (२०१७) ती आपोआप बसवणे थांबवले.

दोन्हींतला फरक गर्दीच्या सर्व्हरवर जाणवतो. नेटस्टॅट ‘/प्रॉक/नेट/टीसीपी’ ही फाइल वाचते. त्यासाठी कर्नल प्रत्येक कनेक्शनची ओळ मजकुरात मांडतो आणि नेटस्टॅट ती पुन्हा उलगडते. हजारो कनेक्शन असली की यात बराच वेळ जातो. एसएस नेटलिंकद्वारे ही माहिती थेट कर्नलकडून बायनरी स्वरूपात घेते. पोर्ट, पत्ता किंवा अवस्था सांगितली, तर चाळणीही कर्नलमध्येच लागते आणि हवी तेवढीच कनेक्शन बाहेर येतात. सगळी यादी काढून ती ‘ग्रेप’मधून गाळण्याची सवय म्हणूनच सोडावी.

‘-एन’ लावल्यास आकडे तसेच दिसतात, नावे शोधली जात नाहीत. नेटस्टॅट रेंगाळण्याचे खरे कारण पुष्कळदा डीएनएसची ही विचारपूसच असते. ‘-पी’ने प्रोसेसचे नाव कळते, पण त्यासाठी एसएसलाही प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फाइली धुंडाळाव्या लागतात, दुसऱ्यांच्या प्रोसेस पाहायला रूटचा अधिकारही लागतो. नुसता अंदाज हवा असेल, तर ‘-एस’ने मिळणारी गोळाबेरीज पुरते.

‘-एल’ने दिसणाऱ्या, म्हणजे ऐकणाऱ्या पोर्टांच्या ओळीतले दोन आकडे फार मोलाचे असतात, आणि बहुतेकांची नजर त्यांवरून निसटते. टीसीपीत ‘रिसीव्ह-क्यू’ म्हणजे प्रोग्रामने अजून न स्वीकारलेली कनेक्शन, तर ‘सेंड-क्यू’ म्हणजे त्या रांगेची मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला, की पोर्ट उघडा दिसत असूनही नवे ग्राहक ताटकळतात. ही मर्यादा प्रोग्राम ठरवतो, पण ‘सोमॅक्सकॉन’ या कर्नल-सेटिंगच्या वर ती जात नाही. त्याचे मूळ मूल्य १२८ होते, लिनक्स ५.४पासून ते ४०९६ झाले.

अवस्थांपैकी ‘टाइम-वेट’ची मोठी संख्या पाहून नवखे घाबरतात. कनेक्शन आधी बंद करणाऱ्या बाजूला ते ६० सेकंद रेंगाळते, हे नेहमीचेच आहे. ‘क्लोज-वेट’ मात्र साचत गेले, तर समोरच्याने कनेक्शन बंद केले असून आपला प्रोग्राम ते मिटवत नाही, असा अर्थ होतो. तेव्हा दोष नेटवर्कमध्ये न शोधता प्रोग्राममध्ये शोधावा.

कंटेनरला स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस असेल, तर त्यातली कनेक्शन यजमान सर्व्हरवर साध्या एसएसने दिसत नाहीत. त्यासाठी त्या नेमस्पेसमध्ये शिरूनच कमांड चालवावी लागते.