चुकणारे आईबाप आणि ‘हम लोग’

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’पाशी थांबलो होतो. त्या ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात पात्रं कशी असावीत याचे चार निकष आहेत, आणि चौथा सुसंगतीचा आहे. पण ॲरिस्टॉटल लगेच एक पुस्ती जोडतो: माणूस मुळातच विसंगत असेल, तर त्याची विसंगतीसुद्धा सुसंगतपणे दाखवा. हे आम्ही काही वर्षं वर्गात घोकून घेतलं होतं. नीट कळलं मात्र १९८४ साली, शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसून. हसू नका, आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता.

त्या वर्षी जुलैत दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. तिचं मूळ मेक्सिकोत आहे. तिथे मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून मांडले होते. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला जाऊन आले आणि ती कल्पना इकडे आली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं. साबिदोंच्या पद्धतीत पात्रांचे तीन गट असतात. अनुकरण करावं असा एक, टाळावं असा दुसरा, आणि या दोहोंच्या मधे हेलकावे खाणारा तिसरा. आता गंमत बघा. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता, की लोक कंटाळले. मग उपदेश पातळ केला, कुटुंबाची गोष्ट दाट केली. त्यानंतर मालिका जी चालली, ती १९८५ च्या डिसेंबरपर्यंत, दीडशेहून अधिक भाग.

त्या घरातला बाप बसेसर राम दारुडा. आई भागवंती सोसणारी. पाच मुलं, वर सासू-सासरे. योजनेप्रमाणे भागवंती ही ‘असं होऊ नका’ या गटातली होती. बाईनं निमूट सोसू नये, हे तिच्याकडे पाहून शिकायचं होतं. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तर बऱ्याच जणांनी भागवंतीलाच आदर्श मानलेलं आढळलं! धडा उलटा गेला, असं यावर म्हटलं जातं.

आम्हाला हे अर्धंच पटतं. स्त्रियांच्या समतेचा विचार करणाऱ्याला तो निकाल बोचणारच, बोचावाच. पण तिला केवळ भाबडी बावळट बाई करून लिहिलं असतं, तर कुणी तिला आदर्श म्हटलं नसतं. तिच्या सोसण्याला कारणं होती: हातात स्वतःची कमाई नाही, मुलींची लग्नं व्हायचीत, म्हातारी माणसं घरात. ती चुकत होती, पण तिच्या परिस्थितीतून चुकत होती, आणि भागामागून भाग त्याच तऱ्हेनं चुकत होती. ॲरिस्टॉटलची पुस्ती ती हीच. आजच्या दैनंदिन मालिकांत बाप तीन महिने राक्षस असतो आणि ‘ट्रॅक’ बदलला की एका रडण्यात देवमाणूस होतो. त्याच्या क्रौर्यावर विश्वास बसत नाही, मग पश्चात्तापावर कुठून बसणार?

शेजारी आम्ही दहा-बाराजण दाटीवाटीनं बसायचो. बसेसर राम झोकांड्या खात आला की पुरुषमंडळी हसायची. घरच्या काकू मात्र हटकून त्याच वेळी उठून स्वयंपाकघरात जात. पुष्कळ दिवसांनी आमच्या ध्यानात आलं, की काकाही हसत नसत.

त्याच सुमारास वर्गात आम्ही विचारलं, भागवंतीचं वागणं स्वेच्छेचं म्हणायचं की लाचारीचं? मुलं तावातावानं ‘लाचारी, लाचारी’ म्हणाली. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी न बोलणारी, उभी राहिली. म्हणाली, “सर, लाचारी असेलही. पण ती घर सोडून गेली असती, तर मी आज इथे बसले असते का?”

ती मालिकेबद्दल बोलत नव्हती, हे सगळ्या वर्गाला कळलं. आम्ही त्या दिवशी तास दहा मिनिटं आधीच सोडला.