कुड्याची साल आणि घरचें ताक

आषाढाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर चंद्रपुराहून मूल-सावलीच्या वाटेनें जो गडचिरोलीकडे जाईल त्याला रानाच्या कडेला पांढऱ्या फुलांनीं भरलेलीं लहानखुरीं झाडें दिसतील. हा कुडा, संस्कृतांत कुटज. मेघदूतांतील यक्षानें मेघाला अर्घ्य दिलें तें याच फुलांचें. यक्षाचा रामगिरि म्हणजे आपलें रामटेक, हें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत मानलें, तर कवीला हें झाड विदर्भाच्या रानांतच भेटलें असावें. परंतु मला आज फुलांविषयीं नव्हे, सालीविषयीं बोलावयाचें आहे.

पोटाचा एक हट्टी विकार आहे. कधीं जुलाब, कधीं मलावरोध. पोटांत मुरडा यावा, शौचास जाऊन आल्यावर बरें वाटावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. तपासण्या कराव्या तर आंतड्यांत ना व्रण, ना सूज. आजचे डॉक्टर याला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. आमचे वाडवडील ‘संग्रहणी’ म्हणत. दोन्ही तंतोतंत एक नव्हेत; ग्रहणी या नांवाखालीं जुन्या वैद्यांनीं आणखीहि कांहीं व्याधी घातल्या आहेत. तरी नातें जवळचें आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ग्रहणीचा अध्याय पंधरावा आणि अतिसाराचा एकोणिसावा. हे दोन रोग निराळे ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत, पंचविसाव्या अध्यायांत, कोणत्या कामीं कोणता पदार्थ सर्वांत श्रेष्ठ याची एक लांब यादी आहे. तींत कुड्याची साल आहे, ती कफ, पित्त व रक्त यांचा स्राव आवरण्यासाठीं. बेलहि आहे. आणि ग्रहणीवर श्रेष्ठ कोण? तर ताकाचें नित्य सेवन! रानांतलें कडू औषध वाहत्या पोटाला, आणि घरांतलें आंबट औषध बिघडलेल्या पोटाला, अशी ही वांटणी आहे. पुढील लोकांनीं ती पुसून टाकली, आणि पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर कुडा उगाळूं लागले.

कुड्याची कीर्ति दूर गेली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत हगवणीवरील या झाडाचें वर्णन आहे, आणि बेलाचेंहि. अठराव्या शतकांत युरोपांत ही साल ‘कोनेसी’ या नांवानें विकूं लागली. मग तिची पत गेली. कारण मोठें साधें होतें. कुडे दोन आहेत, पांढरा आणि काळा. गुण पांढऱ्याच्या सालींत. पण बाजारांत काळ्याची साल तिच्यांत मिसळली जाई. रोग्याला उतार पडेना, आणि दोष मात्र खऱ्या झाडाला लागे. १८५८ सालीं मुंबईच्या हेन्स यांनीं सालींतील क्षार वेगळा काढला. त्याला आज ‘कोनेसीन’ म्हणतात, आणि तो अमीबाच्या आमांशावर चालतो, हें पुढें सिद्ध झालें. परंतु ज्या विकाराविषयीं आपण बोलत आहों त्यांत अमीबा नसतोच!

दोहोंतला भेद ओळखणें कठीण नाहीं. शेंगा दोघांच्याहि जोडीनें लोंबतात. पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या असतात, काळ्याच्या टोंकाशीं जुळलेल्या. पांढऱ्याचें बीं म्हणजे कडू इंद्रजव. काळ्याचें तें गोडें. हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. नोकरींत असतां मींहि तीन महिने एका दुकानांतली साल काढा करून घेतली होती. पुढें एटापल्लीकडील एका माडिया वृद्धानें तिचा तुकडा जिभेला लावला, हंसला, आणि थुंकून टाकला. ती कडूच नव्हती.

बेलाची गोष्ट थोडी निराळी. वैनगंगेच्या कांठीं मार्कंड्याला महाशिवरात्रीस बेलाचीं पानें देवाला जातात. कोंवळ्या फळाचा गीर वाळवून ठेवतात, तो पोटाला. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चांचणींत याच विकाराच्या १६९ रोग्यांवर बेल व ब्राह्मी यांचें मिश्रण, डॉक्टरांचीं रूढ औषधें (यांत इसबगोलहि होता) आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना झाली. मिश्रणानें सुमारें ६५, रूढ औषधांनीं ७८ आणि पोकळ गोळीनें ३३ टक्के रोग्यांस आराम पडला. जुलाबाचा जोर असलेल्यांना बेल अधिक मानवला. मात्र सहा महिन्यांनंतर पाहतां रोगाचें उलटणें कोणत्याहि औषधानें आंवरलें नव्हतें. पोकळ गोळीनें तिसरा हिस्सा लोक बरे होतात, ही गोष्ट औषध विकणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानें दोघांनींहि ध्यानांत ठेवावी. शौचांतून रक्त जात असेल, वजन घटत असेल, रात्रीं झोंपेंतून उठावें लागत असेल, किंवा पन्नाशीनंतर ही खोड नव्यानेंच लागली असेल, तर साल, बेल, ताक सगळें बाजूला ठेवून आधीं डॉक्टर गांठावा.

आतां त्या झाडाविषयीं. १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. रान दोघांचें एकच राहिलें. खोडाभोंवतीं सगळीकडून साल सोलली कीं झाड वाळतें. रानांतला जाणता मनुष्य एका बाजूची पट्टी काढतो आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या झाडाकडे जातो. व्यापाऱ्याच्या पोत्यासाठीं सोलणारा तसें करीत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवाला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला; देशांत असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गांवांपैकीं तें एक. तेथें बांबू किती तोडावा हें आतां ग्रामसभा ठरविते. कुड्याच्या सालीचाहि हिशेब अशाच सभांपुढें यावयास हवा, कारण कडू कोणती आणि गोडी कोणती हें सांगणारीं माणसें तेथेंच बसलेलीं असतात.