आर्मा, १८८९ : दोष कोणाचा?

आगगाडीतली साखळी ओढली की गाडी का थांबते, हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. साखळीमुळे ब्रेकच्या नळीची एक झडप उघडते, एवढे सांगून आपण पुढे जातो. पण ‘नळी उघडली की गाडी थांबलीच पाहिजे’ ही गोष्ट कायद्यात येण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील आर्मा गावातून रविवारच्या शाळेची सहल समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली. पंधरा डब्यांच्या गाडीत सुमारे ९४० माणसे होती. त्यांत मुले पुष्कळ. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. वाटेत ७५ फुटांस १ फूट असा चढ होता. माथा थोडक्यात उरला असताना इंजिनाचा जोर संपला.

गाडीवरील अधिकाऱ्याने ठरवले, की पुढचे पाच डबे पुढील स्थानकावर पोचवून इंजिन परत आणावे. मागचे दहा डबे शेवटच्या डब्यातील हातब्रेकवर सोपवले आणि चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला. त्या धक्क्याने दगड फुटले आणि दहा डबे उतारावरून मागे धावू लागले. मागून दुसरी प्रवासी गाडी त्याच रुळावरून चढत होती. टकरीत ८० माणसे मेली, सुमारे २६० जखमी झाली.

गाडीला ब्रेक नव्हता काय? होता, पण तो ‘साधा’ निर्वात ब्रेक होता. गाडी थांबवायची असेल तेव्हा इंजिन नळीतील हवा ओढून घेई. मग वातावरणाच्या दाबाने दट्ट्या सरके आणि ब्रेक लागे. म्हणजे नळी तुटली, की ब्रेकही गेला! डबे वेगळे करताना नळी सोडावीच लागली, आणि नेमक्या त्या क्षणी दहा डब्यांचा ब्रेक निकामी झाला.

‘स्वयंचलित’ निर्वात ब्रेकमध्ये हेच तत्त्व उलटे वापरतात. गाडी चालू असताना दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात राखतात. नळी तुटली किंवा उघडली, की हवा एका बाजूस शिरते, दट्ट्या ढकलला जातो आणि ब्रेक आपोआप लागतो. बिघाड होताच गाडी थांबते. भारतातील गाड्यांनाही अनेक दशके असाच ब्रेक होता.

हा ब्रेक १८८९ पूर्वीच उपलब्ध होता. दुसरी उणीव गाड्या सोडण्याच्या पद्धतीत होती. पहिली गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडायची, असा रिवाज होता. पहिली वाटेत अडकली तर मागच्या गाडीला ते कळण्याची सोय त्यात नव्हती. पुढचा टप्पा मोकळा झाल्याचे तारेने कळल्याखेरीज गाडी सोडू नये, ही ‘ब्लॉक’ पद्धतही ठाऊक होती. सरकारी निरीक्षक दोन्ही सुधारणा वर्षानुवर्षे सुचवत होते. पण सक्ती करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कंपन्या खर्चाचे कारण सांगत. सरकारने सक्ती केली तर आमची जबाबदारी कमी होईल, असाही युक्तिवाद होई!

अपघातानंतर गाडीवरील अधिकाऱ्यावर खटला झाला. अखेर तो निर्दोष सुटला. त्याचा निर्णय चुकला होता यात शंका नाही. पण एका माणसाच्या चुकीने ऐंशी जीव जावेत, अशी व्यवस्था त्याने उभारलेली नव्हती. हे ब्रिटिश संसदेलाही पटले असावे. ३० ऑगस्ट १८८९ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, नवा कायदा झाला. प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक, मार्गावर ब्लॉक पद्धत आणि सांधे व सिग्नल यांची परस्परांशी जखडण, या तिन्ही गोष्टींची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वर्षानुवर्षे न झालेले काम तीन महिन्यांच्या आत झाले, हे विसरता येत नाही.

आजही अपघात झाला, की ‘चालकाची चूक’ किंवा ‘सिग्नल कर्मचाऱ्याची चूक’ अशी बातमी येते. ती वाचून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला शिकवावे : माणूस चुकणारच, हे धरून तेथे कोणती व्यवस्था होती? आणि नसेल, तर ती करण्याचे काम कोणाचे होते?