हातविणीचे जाळे (आचरा आणि मालवण किनारा)

दोरा सुईवर भरून, एकेक गाठ हाताने मारून विणलेले मासेमारीचे जाळे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर, आचऱ्याच्या पिरावाडीपासून दक्षिणेकडे तोंडवळी, तळाशील, सर्जेकोट आणि पुढे मालवणपर्यंत, मच्छीमार वस्त्यांमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ताग, अंबाडी आणि सूत हा त्याचा मूळ कच्चा माल. आज जाळे नायलॉनचे असते आणि कारखान्यातून येते. या नोंदीत हातविणीच्या जाळ्याचा विचार युरोपातील बॉबिन लेसच्या शेजारी ठेवून केला आहे. दोन्ही कामे दोऱ्याने मोकळी जागा बांधण्याची आहेत आणि दोन्हींचा धंदा यंत्राने मोडला. मात्र लेस धंदा म्हणून गेली तरी हौस म्हणून उरली. जाळे विणणे धंद्याबरोबरच गेले, मागे राहिली ती फक्त दुरुस्ती. हा फरक हस्तकौशल्याच्या कमीअधिकपणाने पडलेला नाही. तो पडला दोन महायुद्धांमुळे, आणि एक विद्या कागदावर उतरली होती, दुसरी उतरली नव्हती, यामुळे.

जाळे विणताना हातात दोनच वस्तू असतात : दोरा भरलेली चपटी सुई आणि आसाचे माप ठरवणारी पट्टी. आस म्हणजे जाळ्याचे एक घर. दोरा पट्टीवरून खाली आणून वरच्या ओळीच्या फाशातून बाहेर काढायचा, अंगठ्याखाली दाबून धरायचा, डावीकडे सैल वेढा टाकून सुई फाशाच्या दोन्ही पायांमागून फिरवायची आणि वेढ्यातून ओढून गाठ आवळायची. अंगठा क्षणभर आधी सुटला तर गाठ फाशाखाली घसरते आणि ते घर कायमचे वाकडे राहते. शंभर घरे रुंद आणि पन्नास घरे खोल असा लहान तुकडा घेतला तरी दहा हजारांच्या आसपास गाठी होतात, कारण प्रत्येक घराच्या खोलीत गाठींच्या दोन ओळी बसतात. चाळीस मिलिमीटर आसाचा असा तुकडा ताणून धरला तर रुंदी चार मीटर भरते. रापणीचे जाळे शेकडो मीटर लांबीचे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-पन्नास माणसे ओढतात. कोकण-कारवार किनाऱ्यावर अशी मोठी जाळी घरोघरच्या तुकड्यांची जोडून होत आणि मिळालेल्या मासळीत त्या घरांचा वाटा असे. ही विणकामाची मजुरी नव्हती, रापणीतली भागीदारी होती.

लेस हा नखऱ्याचा दागिना आणि जाळे हे पोटाचे साधन, तेव्हा त्यांची तुलनाच गैर, असा आक्षेप येऊ शकतो. वापरापुरता तो खरा आहे, कृतीपुरता नाही. फिले या नावाने ओळखली जाणारी युरोपीय लेस गाठींच्या चौकोनी जाळीवरच भरली जाते, आणि ती जाळी मच्छीमाराच्याच गाठीने, तशाच सुईपट्टीने विणतात. बॉबिन लेसमध्ये गाठ नसते. तिथे उशीवर टोचलेला नमुना ठेवतात, टाचण्या रोवतात आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्यांच्या जोड्या एकमेकींवरून ओलांडत आणि पिळत नेतात. ओलांडणे आणि पिळणे या दोनच क्रियांतून सगळा विस्तार होतो. म्हणजे दोन्हीकडे मूळ क्रिया मोजक्या, आणि कसब आहे ते त्यांची संख्या न चुकता सांभाळण्यात. खरा भेद तिसराच आहे. बॉबिन लेसचे नमुने १५५७ मध्ये व्हेनिसला आणि १५६१ मध्ये झुरिचला छापून निघाले होते. टोचलेला कागद हाती असला की शिकवणारा मेल्यानंतरही तीच लेस पुन्हा विणता येते. जाळ्यात कुठे घरे वाढवायची, कुठे कमी करायची, मासळी साठणाऱ्या मधल्या झोळीचा आस किती बारीक ठेवायचा, हे विणणाऱ्याच्या बोटांत आणि होडीच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या, स्मरणात राहिले.

पहिल्या महायुद्धाने लेसला कसे तारले हे बेल्जियमच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. जॉन हीथकोटच्या यंत्राने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच जाळीदार कापड विणायला सुरुवात केली होती, तेव्हा १९१४ पर्यंत हातची लेस हा आधीच खचलेला, फार कमी मजुरीचा धंदा होता. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य देशात घुसले, ब्रिटिश नाकेबंदीने दोरा अडला आणि लेस विणणाऱ्या हजारो बायकांची चूल विझली. हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखालील मदत आयोगाने ब्रिटनशी वाटाघाटी करून दोरा आत आणण्याची आणि तयार लेस मित्रराष्ट्रांत व अमेरिकेत विकण्याची सोय केली. ब्रसेल्समधील लेस समितीने चित्रकारांकडून नवे नमुने घेऊन कामाचे वाटप केले. या काळातल्या लेसमध्ये बेल्जियमचा सिंह आणि मित्रराष्ट्रांची राजचिन्हे विणलेली आढळतात. अशी लेस विकत घेणारा लेसबरोबर एका व्याप्त देशाला हातभार लावत होता. महत्त्वाचे ते इथे घडले : लेसची किंमत तिच्या वापरापासून सुटली आणि तिच्यातल्या हाताला, तिच्या उगमाला मिळू लागली. युद्धानंतर धंदा पुन्हा घसरला, पण नमुने जपले गेले, संग्रहालयांत पोहोचले, आणि १९२० मध्ये शार्लट केलॉग यांचे बेल्जियमच्या लेसवरचे पुस्तक आले. पुढे ब्रूजचे लेसकेंद्र (१९७०) आणि ब्रिटनमधील लेस गिल्ड (१९७६) उभी राहिली, तेव्हा हौशी शिकणाऱ्यांना हातात धरायला काहीतरी शिल्लक होते. स्लोव्हेनियातील बॉबिन लेसचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. तेथील इद्रिया गावची लेसशाळा १८७६ पासून चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा परिणाम आचऱ्यासारख्या किनाऱ्यावर नेमका उलटा झाला, आणि तोही युद्ध संपल्यावर. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत तयार झाले, १९४० मध्ये त्याचे पायमोजे बाजारात आले आणि १९४२ पासून ते जवळजवळ सगळे पॅराशूट व दोरखंडांकडे वळवले गेले. युद्धासाठी वाढवलेले उत्पादन नंतर जगभरच्या मच्छीमारांकडे आले. याच युद्धात भारतात सुताची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये कापड व सुतावर सरकारी नियंत्रण बसले. सुती जाळ्याची निगा मुळातच जाचक : दर फेरीनंतर ते वाळवायचे, ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात पुन्हापुन्हा बुडवायचे, आणि तरीही ते कुजायचेच. नायलॉन कुजत नाही. साल उकळण्याच्या कष्टातून सुटका करणारा हा दोरा मच्छीमाराने आनंदाने घेतला यात नवल नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण नायलॉनचा दोरा गुळगुळीत. सुतावर घट्ट बसणारी साधी गाठ त्यावर घसरते. हाताने विणायचे तर गाठ दुहेरी मारावी लागते, म्हणजे वेळ वाढतो. कारखान्यात विणलेले जाळे ताणून, उष्णता देऊन गाठी पक्क्या करतात, ते अंगणात करता येत नाही. दोरा बदलताच विणणाऱ्या हाताचा फायदा असा गाठीतच संपला. कारखान्यात जाळी बनवणारी गारवेअर-वॉल रोप्ससारखी कंपनी १९७६ साली स्थापन झाली तेव्हा हातविणीचे दिवस सरत आले होते.

यावर दोन हरकती घेता येतात. पहिली अशी की, जाळे मागे पडले ते नायलॉनमुळे नव्हे. ट्रॉलर आणि पर्ससीन नौकांनी रापणीची मासळीच हिरावली, म्हणून. मासळीबाबत ही तक्रार रास्त आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, हे तिच्या तथ्याची साक्ष आहे. परंतु काळाचा क्रम पाहिला तर रापण चालू असतानाच तिचे जाळे विकतचे झाले होते. रापण आजही ओढली जाते, कारखान्याच्या जाळ्याने. ओढणे आणि विणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याच्या संकटाने दुसऱ्याचा अस्त समजत नाही. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे : युद्धाने जाळ्यालाही काम दिलेच की. इंग्लंडमधील ब्रिडपोर्ट गावात घरी जाळी विणणाऱ्या बायकांनी दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी, त्यात तोफा आणि वाहने झाकण्यासाठीही, जाळी विणली. युक्रेनमध्ये स्वयंसेवक, बहुतेक स्त्रिया, २०१४ पासून आणि २०२२ नंतर फार मोठ्या प्रमाणावर, तयार जाळीत कापडाच्या पट्ट्या ओवून अशीच आच्छादने करतात. ही उदाहरणे खरी आहेत आणि युक्रेनमधील काम मन हेलावून टाकणारे आहे. पण तिथे जाळ्याची किंमत त्याच्या उपयोगातच राहिली. झाकण्याची गरज संपली की जाळे टाकून द्यायचे. बेल्जियमच्या लेससारखे ते जपून ठेवण्याजोगे ठरले नाही, आणि जे जपले जात नाही त्याची हौस लागत नाही.

आचरा परिसरात हाताची विद्या उरली आहे ती दुरुस्तीत. फाटलेले जाळे थेट विणत नाहीत. आधी कडा कातरून घेतात : वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला तीन पायांची, म्हणजे तीन दोरे शाबूत असलेली, एकेक गाठ राखायची, मधल्या साऱ्या गाठी दोन पायांवर आणायच्या, मग वरच्या तीन पायांच्या गाठीपासून सुरू करून खालच्या तशाच गाठीवर दोरा संपवायचा. भोक केवढेही वेडेवाकडे असो, एकाच अखंड दोऱ्याने भरून येते. नवे जाळे विणण्यापेक्षा हे काम बुद्धीला अधिक ताण देणारे आहे, कारण इथे नमुना समोर नसतो, फाटलेल्या कडेवरून तो ओळखायचा असतो. म्हणूनच विद्या मेली, असे म्हणता येत नाही. मात्र ती अर्धीच जिवंत आहे, असे म्हणावे लागते. दुरुस्तीने सपाट जाळ्याची घरे जुळतात. मधली झोळी घडवणारी वाढ-घट, पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकल्यावर गोल उघडावा म्हणून शेंड्यापासून क्रमाने वाढवत नेलेली घरे, बोये आणि शिशाच्या दोरावर जाळे किती सैल बसवायचे याचे प्रमाण, हे दुरुस्तीत शिकायला मिळत नाही.

ही माहिती लिहून ठेवणे अवघड नाही. लेसच्या टोचलेल्या कागदाचे काम इथे आकड्यांचा तक्ता करू शकतो : प्रत्येक भागाचा आस, रुंदीतील घरे, किती ओळींनंतर किती घरे वाढवायची, दोराच्या किती लांबीवर किती घरे बांधायची. पाग आकाराने लहान, एकट्याने विणण्याजोगा आणि एकट्याने फेकण्याजोगा. हौशी माणसाला रापणीपेक्षा तोच आवाक्यातला आहे. खाडीच्या तोंडाशी पाग अजून पडतात, तेव्हा तक्त्याची सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे ठरेल, आणि सूत वापरले तर गाठ पुन्हा एकेरी चालेल.