क्वेकरांचें अन्नछत्र

अन्नछत्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादें तीर्थक्षेत्र उभें राहतें. कोणा पुण्यशील दात्याचें इनाम, देवस्थानचें उत्पन्न आणि पंगतीला बसलेले यात्रेकरू. आज ज्या अन्नछत्राची हकीकत सांगावयाची आहे, त्याला ना इनाम होतें ना देवस्थान. तें चालविलें डब्लिन शहरांतील कांहीं गृहस्थांनीं, आपापले व्यवसाय सांभाळून.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या वर्षीं तर बहुतेक सारें पीक जमिनींतच कुजलें. १८४१ च्या खानेसुमारींत देशाची वस्ती ८१ लाखांवर होती, आणि गरिबांचें मुख्य अन्नच बटाटा. अशा वेळीं, १८४६ च्या नोव्हेंबरांत, डब्लिनच्या क्वेकर पंथीयांनीं मध्यवर्ती साहाय्य समिति स्थापिली. जोसेफ ब्यूली व जोनाथन पिम हे तिचे चिटणीस. हा ख्रिस्ती पंथ अगदीं लहान. साऱ्या आयर्लंडांत त्याचे अनुयायी तीन हजारांच्या आसपास.

२३ जानेवारी १८४७ रोजीं समितीनें चार्ल्स स्ट्रीटवर सूपगृह उघडलें. (सूप म्हणजे येथें धान्य पाखडण्याचें नव्हे, मांस व धान्य उकळून केलेलें कढण.) क्वार्टभर, म्हणजे लिटरहून किंचित् अधिक, सूपाला एक पेनी, बरोबर पाव हवा असल्यास दीड पेनी. ज्याच्याजवळ पेनीहि नसे त्याचें काय? त्यासाठीं तिकिटें काढलीं होतीं. सुखवस्तु माणसांनीं तीं विकत घ्यावीं आणि आपल्या माहितींतल्या गरजूंना द्यावीं. खपाचा अर्धा अधिक भाग ह्या तिकिटांचाच होता. रोज सुमारें एक हजार क्वार्ट सूप जुलैअखेरपर्यंत वाटलें गेलें.

कोरडें धान्य वांटणें पुष्कळ सोपें होतें. परंतु धान्य सांठवितां येतें, विकतां येतें. शिजलेलें अन्न घ्यायला भुकेलाच येतो. उलट पक्षीं शिजविण्याला कढया हव्यात, सर्पण हवें, पहांटे उठून चूल पेटविणारीं माणसें हवींत. समितीनें गांवोगांवच्या मंडळ्यांना कढया पुरविल्या, पैसा पुरविला. घेणाऱ्याचा धर्म मात्र कोठेंहि विचारला नाहीं. ही गोष्ट आज सामान्य वाटेल. तेव्हां ती तशी नव्हती. कांहीं प्रॉटेस्टंट मिशनरी त्याच दिवसांत धर्मांतराच्या अटीवर अन्न देत, आणि तें घेणाऱ्याला शेजारीपाजारी ‘सूपर’ म्हणून हिणवीत. ती शिवी पिढ्यान् पिढ्या टिकली. क्वेकरांचें नांव तिला चिकटलें नाहीं.

ह्याच्या शेजारीं दुसरें एक चित्र ठेवण्यासारखें आहे. ५ एप्रिल १८४७ रोजीं सरकारच्या निमंत्रणावरून अलेक्सिस सॉयर ह्या लंडनच्या नामांकित आचाऱ्यानें डब्लिनमध्येंच नमुनेदार सूपगृह उघडलें. घंटा वाजतांच शंभर माणसें आंत येत. चमचे साखळीनें मेजाला बांधलेले. पहिल्या दिवशीं प्रतिष्ठित मंडळींना पांच शिलिंग देऊन गरिबांचें जेवण पाहतां येत असे. व्यवस्था चोख होती ह्यांत शंका नाहीं. पण भुकेचा असा तमाशा मांडणें मला तरी सहन होत नाहीं.

फेब्रुवारी १८४७ मध्यें पार्लमेंटनें तात्पुरत्या साहाय्याचा कायदा केला आणि जुलैपर्यंत रोज तीस लाखांवर माणसें सरकारी कढयांवर जेवूं लागलीं. क्वेकर हजारांच्या हिशेबांत बोलत होते. सरकारनें मनावर घेतल्यावर लाखांना पोटाला मिळालें. आणि मग तीं स्वयंपाकघरें त्याच शरद ऋतूंत बंद करण्यांत आलीं! दुष्काळ मात्र संपला नव्हता. खजिन्याचीं सूत्रें तेव्हां चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्यांच्या हातीं होतीं. हेच गृहस्थ १८५९ सालीं मद्रासचे गव्हर्नर होऊन हिंदुस्थानांत आले.

१८४९ च्या जूनमध्यें सरकारनें समितीला पुन्हा काम सुरू करण्याची विनंति केली आणि १०० पौंड देऊं केले. समितीनें नकार दिला. खासगी प्रयत्नांच्या आवांक्याबाहेरचें हें काम आहे, देशाचे प्राण वांचविण्याइतका पैसा फक्त सरकारच उभारूं शकतें, असें तिनें स्पष्ट कळविलें. हा नकार कंटाळ्याचा नव्हता. सुमारें दोन लाख पौंडांचें साहाय्य वांटून झाल्यावर, आपली कढई किती जणांना पुरते हें नेमकें ठाऊक असलेल्या माणसांचा तो नकार होता. दुष्काळांत व त्यामागून आलेल्या रोगांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं. ब्यूली १८५१ मध्यें वारले. पिम १८६५ सालीं डब्लिनतर्फे पार्लमेंटांत निवडून गेले आणि तेथें आयरिश कुळांच्या जमिनीचा प्रश्न मांडीत राहिले.